यंत्रानंतरचे आयुष्य

११ एप्रिल ही तारीख आमच्या वाचकांना सांगावी लागत नाही. महात्मा जोतीराव फुले यांची जयंती आणि तीन दिवसांनी येणारी भीमजयंती, या धामधुमीत वस्त्यावस्त्यांतील कार्यकर्त्यांना उसंत नसते. याच ११ एप्रिलला जगभर पार्किन्सन दिन पाळला जातो, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. १७५५ साली याच तारखेला लंडनमध्ये जेम्स पार्किन्सन जन्मला. हॉक्स्टन या भागात औषधपाण्याचा व्यवसाय करणारा हा साधा डॉक्टर. १८१७ मध्ये त्याने कंपवातावर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात अवघ्या सहा रुग्णांची हकिकत होती आणि त्यांपैकी काहींना तर त्याने रस्त्यात येता-जाता पाहिले होते. हाच मनुष्य टोपणनावाने सत्ताधाऱ्यांविरुद्ध पत्रके लिहीत असे. सामान्य माणसाला मताधिकार मिळावा म्हणून झगडणाऱ्या संघटनेचा तो सभासद होता आणि राजाच्या खुनाच्या कथित कटाच्या चौकशीत १७९४ मध्ये त्याला प्रिव्ही कौन्सिलपुढे उभे राहावे लागले होते. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत त्याचे हे अर्धे चरित्र सहसा येत नाही.

आज या विषयावर लिहिण्याचे कारण वेगळे आहे. काही दिवसांपूर्वी आमच्या कार्यालयात एक गृहस्थ आले. महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले, वय साठीच्या पुढचे. जय भीम करून बसले. आमच्या शिपायाने ‘काका, चहा घ्या’ म्हणून कप पुढे केला तेव्हा त्यांनी तो एका हाताने उचलला आणि न सांडता प्यायले. मग शर्टाची वरची दोन बटणे काढून त्यांनी गळपट्टीच्या हाडाखालचा फुगवटा दाखवला. कातडीखाली काडेपेटीएवढे यंत्र होते. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूत तारा बसवल्या गेल्या. गावाकडची जमीन विकून, भविष्य निर्वाह निधीतून आणि वस्तीने केलेल्या वर्गणीतून पैसा उभा राहिला. ‘साहेब, बॅटरी संपत आलीय म्हणतात,’ ते म्हणाले. आवाज इतका खोल गेला होता की हे वाक्य आम्हाला दोनदा विचारावे लागले. ‘आता परत कुणाकडे मागू?’

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. वर्गणी एकदा निघते. दुसऱ्यांदा झोळी फिरवायला कार्यकर्त्यालाही संकोच वाटतो आणि रुग्णाला तर त्याहून अधिक.

प्रथम हा आजार आणि हे यंत्र काय आहे ते पाहू. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक लहान पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात आणि त्यावर शरीराच्या हालचालींचा ताल अवलंबून असतो. कंपवातात या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरतो, अंग ताठरते, चालण्याची गती मंदावते, चेहऱ्यावरचे भाव जातात, अक्षर बारीक होत जाते. लेव्होडोपा हे औषध १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे आणि आजही त्याच्या तोडीचे दुसरे औषध नाही. पण काही वर्षांनी गोळीचा असर तासा-दोन तासांत उतरू लागतो. गोळी चढली की अंग आपोआप वेडेवाकडे हलते आणि उतरली की माणूस लाकडासारखा होतो. दिवसभर हा खेळ चालतो.

फ्रान्समधील ग्रेनोबल येथे आलीम-लुई बेनाबिद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मेंदूत बारीक तार बसवून तिच्यातून सतत विजेचे सूक्ष्म झटके दिले आणि कंप थांबवून दाखवला. पूर्वी मेंदूचा तो भाग जाळून टाकीत असत. जाळलेले परत येत नाही, पण विजेचा प्रवाह कमी-जास्त करता येतो व बंदही करता येतो. अमेरिकेत महलॉन डिलाँग यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून मेंदूतील नेमकी कोणती गाठ बिघडते हे कळले आणि १९९३ पासून तार त्या ठिकाणी बसू लागली. २०१४ मध्ये या दोघांना लास्कर पुरस्कार मिळाला. या उपचाराला डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणजेच डीबीएस म्हणतात. मेंदूतील तार कातडीखालून, मानेतून छातीपर्यंत आणतात व तेथील बॅटरीला जोडतात. पेशंट बहुधा जागा असताना ही शस्त्रक्रिया होते. आपल्या देशात नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून ती होत आहे. या यंत्राने आजार बरा होत नाही आणि पेशींचे मरणेही थांबत नाही, हे शस्त्रक्रियेची सही करण्यापूर्वी प्रत्येक घराला स्वच्छ मराठीत सांगितले गेले पाहिजे.

मग उपयोग होतो का? होतो, आणि चांगला होतो. जर्मनी व ऑस्ट्रियातील १५६ रुग्णांवरचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना यंत्र आणि निम्म्यांना फक्त उत्तम औषधोपचार अशी वाटणी करून सहा महिन्यांनी तपासले, तेव्हा यंत्रवाल्यांच्या जीवनमानात सुमारे एक चतुर्थांश सुधारणा होती आणि औषधवाले होते तिथेच होते. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या एका रुग्णाचा मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू झाला, हेही दडवता कामा नये. अमेरिकेत २००९ मध्ये आलेल्या २५५ रुग्णांच्या अभ्यासात यंत्रामुळे दिवसाचे साधारण साडेचार तास चांगले मिळाले असे आढळले. साडेचार तास! आमच्या वाचकांना हा हिशेब डॉक्टरांपेक्षा लवकर कळेल. साडेचार तास म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी, लेकरांचा डबा, बाजाराची एक फेरी. २०१३ मध्ये जर्मनी-फ्रान्समधील २५१ रुग्णांवर दोन वर्षे केलेल्या अभ्यासाने तर आजार फार बळावण्याआधीच, पन्नाशीच्या आसपास शस्त्रक्रिया केली तर आयुष्य अधिक सावरते असे दाखवले.

हे ‘जीवनमान’ मोजतात कसे, हा प्रश्न आम्हाला पडला. १९९५ मध्ये ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी ३९ प्रश्नांची एक प्रश्नावली केली, तीच जगभर वापरतात. रुग्णाला गेल्या महिन्याविषयी विचारले जाते आणि त्याने कधीच नाही, क्वचित, कधी कधी, अनेकदा व नेहमी यांपैकी उत्तर निवडायचे असते. चालण्याफिरण्याचे दहा प्रश्न, अंघोळ-कपडे-लिहिणे अशा रोजच्या कामांचे सहा, मनःस्थितीचे सहा, असे करत ती आठ भागांत विभागली आहे. त्यातील चार प्रश्नांच्या भागाला कलंक असे नाव आहे. आजार लोकांपासून लपवावासा वाटला का? चारचौघांत खाण्यापिण्याचे प्रसंग टाळले का? लोकांत लाज वाटली का? लोक काय म्हणतील याची काळजी वाटली का?

हे चार प्रश्न वाचून आमच्या वाचकांच्या मनात काय येईल ते आम्ही जाणतो. चारचौघांत पाणी पिण्याचा प्रश्न आपल्या समाजाला कोणत्याही प्रश्नावलीने शिकवलेला नाही. पण या आजारात एक निराळाच अपमान मिसळतो. तोल जाणारा, जीभ जड झालेला माणूस सुटाबुटात असेल तर लोक त्याला आजारी समजून खुर्ची देतात. तोच माणूस झोपडपट्टीतून, खाकी कपड्यांत, सकाळी सातच्या बसमध्ये चढला तर ‘सकाळीच टाकून आलाय’ म्हणून वाहक त्याला उतरवतो. आमच्याकडे आलेल्या काकांना त्यांच्या मुकादमाने दोन वर्षे दारुडा ठरवले होते. ज्यांनी २२ प्रतिज्ञा घेतल्यापासून थेंबाला स्पर्श केला नाही, त्यांची हजेरी ‘नशेत आढळला’ म्हणून कापली गेली. निदान त्यानंतर झाले. म्हणजे आजार ओळखायच्या आधी जात आणि धंदा ओळखला गेला, असेच म्हणावे लागेल.

डीबीएसने या कलंकाच्या चार प्रश्नांत सुधारणा होते, हे वर सांगितलेल्या जर्मन अभ्यासात नोंदलेले आहे. कंप थांबला की माणूस पंगतीला बसतो. काकाही आता लग्नकार्यात जेवायला बसतात. आमच्या मते या शस्त्रक्रियेची सर्वांत मोठी कमाई हीच आहे.

पण त्याच ३९ प्रश्नांत बोलणे, स्मरण-एकाग्रता आणि माणसांचा आधार असेही भाग आहेत व तिथे यंत्राचा हात पोचत नाही. ग्रेनोबलच्याच ४९ रुग्णांचा पाच वर्षे मागोवा घेतलेला अभ्यास २००३ मध्ये आला. त्यात कंप आणि ताठरपणावरचा गुण टिकला, पण बोलणे, तोल आणि चालताना पाय जमिनीला खिळणे हे हळूहळू बिघडतच गेले. काकांचा आवाज असाच गेला. हात थरथरत होता तेव्हा लोक चौकशी करीत. आता हात स्थिर आहे म्हणून सगळ्यांना ते बरे झालेले वाटतात आणि बोलणे ऐकू येत नाही म्हणून विहारातल्या बैठकीत त्यांच्याकडे कोणी वळत नाही. यावर वाचा-उपचार आहेत. मोठ्याने बोलण्याचे, श्वासाचे रोजचे व्यायाम आहेत. पण तालुक्याच्या ठिकाणी वाचा-उपचारतज्ज्ञ शोधून दाखवा!

पॅरिसच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आणली. शस्त्रक्रिया झालेल्या २९ रुग्णांशी त्यांनी सविस्तर बोलणी केली. शरीर सुधारले होते, पण कित्येकांचे घर बिघडले होते. काहींना आपण पूर्वीचे राहिलो नाही असे वाटत होते, काहींचा कामातला रस गेला होता, काही जोडप्यांत शस्त्रक्रियेपूर्वी नव्हते इतके वाद सुरू झाले होते. वर्षानुवर्षे भरवणारी, कपडे घालणारी बायको अचानक बिनकामाची होते किंवा इतक्या वर्षांचा थकवा तिला एकदम जाणवतो. शस्त्रक्रियेनंतर गोळ्या बऱ्याच कमी करतात आणि गोळ्या घाईने कमी झाल्या तर मन खचते. विविध देशांतील पाच हजारांहून अधिक रुग्णांची नोंद तपासून २००८ मध्ये अभ्यासकांनी सांगितले की त्यांत २४ आत्महत्या झाल्या आणि सर्वाधिक धोका पहिल्या वर्षात असतो. घरातल्या माणसांनी हे वर्ष डोळ्यांत तेल घालून काढले पाहिजे. ‘आता तर बरा झालास, मग तोंड पाडून का बसतोस’ हे वाक्य त्या घरात कोणी उच्चारू नये.

आता पैशाकडे येऊ, कारण सगळी वाट तिथेच अडते. यंत्र आणि शस्त्रक्रिया मिळून खर्च दहा लाखांच्या घरात जातो आणि अनेकदा त्याहून वर. साधी बॅटरी तीन ते पाच वर्षे टिकते. ती संपली की छातीवर पुन्हा लहान शस्त्रक्रिया आणि पुन्हा काही लाख. चार्ज करता येणारी बॅटरी खूप अधिक वर्षे चालते, पण ती आधीच महाग आणि तिला नियमाने चार्ज करावे लागते. ज्या गावात वीज जाते तेव्हा कधी येईल ते सांगता येत नाही, तिथे हा सल्ला देणे डॉक्टरांनाही जड जाते. बॅटरी एकदम बंद पडली तर दबलेला आजार काही तासांत, काही दिवसांत पूर्ण जोराने परततो आणि गोळ्या आधीच कमी केलेल्या असल्यामुळे माणूस अंथरुणाला खिळतो, प्रसंगी जिवावर बेतते. यावरून काकांच्या प्रश्नातली भीती समजावी.

खर्च इथेही संपत नाही. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी यंत्र सुरू करतात आणि पुढचे कित्येक महिने वीज किती, कोणत्या टोकातून, किती वेगाने द्यायची हे जुळवत बसावे लागते. प्रत्येक वेळी त्याच मोठ्या शहरात, त्याच प्रशिक्षित डॉक्टरकडे जायचे. गडचिरोली किंवा किनवटच्या रुग्णाला मुंबई-पुण्याची एक फेरी म्हणजे दोघांचे भाडे, दोन-तीन दिवसांची मजुरी आणि धर्मशाळेची फरशी. ही वारी परवडत नाही म्हणून लाखोंचे यंत्र अर्धवट जुळवलेले ठेवायचे काय?

हा खर्च कोणाला मिळतो ते पाहा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेत या यंत्राच्या परताव्याचे दर ठरवून दिलेले आहेत. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये खासगी आरोग्य विम्याला ज्या आधुनिक उपचारांचा समावेश करण्यास सांगितले त्यांत डीबीएसचे नाव आहे. म्हणजे ज्याला सरकारी नोकरी आहे आणि ज्याला विम्याचा हप्ता परवडतो त्यांची सोय लागते. आयुष्मान भारत योजनेचे कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचे कवच आहे. दहा लाखांच्या उपचाराला पाच लाखांचे कवच किती झाकणार, हा हिशेब चौथीतले पोरही करील. अमेरिकेत २००२ ते २००९ या काळातील रुग्णालयांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये असे दाखवण्यात आले की कंपवाताच्या काळ्या रुग्णांना ही शस्त्रक्रिया मिळण्याची शक्यता गोऱ्यांच्या तुलनेत अगदीच कमी होती आणि गरिबांच्या सरकारी विम्यावर असलेल्यांचीही तीच गत होती. तिथे निदान मोजले तरी. आपल्याकडे ज्यांच्या मेंदूत तारा बसल्या त्यांत सफाई कामगार किती, शेतमजूर किती, स्त्रिया किती, हे प्रत्येक सरकारी केंद्राने मोजून जाहीर करावे अशी आमची मागणी आहे.

आमचे काही मित्र म्हणतील, लेव्होडोपाची साधी गोळी खेड्यात मिळत नाही तिथे मेंदूतल्या यंत्राच्या गप्पा कशाला? आक्षेप रास्त आहे. गोळी आधी, हे आम्हालाही मान्य आहे. ती राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, मग ती प्राथमिक आरोग्य केंद्रात अखंड मिळालीच पाहिजे. शिवाय डीबीएस सर्वांसाठी नाहीच. ज्याला गोळीचा चांगला गुण येतो पण तो टिकत नाही, ज्याची स्मृती शाबूत आहे, त्यालाच तिचा लाभ होतो. परंतु गरिबाला गोळी आणि श्रीमंताला यंत्र अशी वाटणी आम्ही तत्त्व म्हणून कबूल करणार नाही. स्वस्तातले ते आपले आणि महागातले ते त्यांचे, ही वाटणी फार जुनी आहे.

हक्कांविषयीही सांगितले पाहिजे, कारण आपल्या कामगारांना ते माहीत नसतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांत पार्किन्सनचे नाव स्पष्ट लिहिले आहे. त्याच कायद्याच्या कलम २० नुसार सरकारी सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही वा खालच्या पदावर आणता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते आणि तशी जागा नसेल तर जागा निर्माण करावी लागते. काकांना हे कोणी सांगितले नव्हते, त्यांनी तीन वर्षे आधीच स्वेच्छानिवृत्ती घेतली. मात्र त्याच कायद्याच्या कलम ३४ मधील नोकरीच्या आरक्षणात पार्किन्सनच्या रुग्णांना स्थान नाही, ही उणीव आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत ज्या ३४ दीर्घ आजारांसाठी वाढीव आजारपणाचा लाभ मिळतो त्यांतही पार्किन्सन आहे. अटी पूर्ण करणाऱ्या विमाधारक कामगाराला दोन वर्षांपर्यंत मजुरीच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते. कामगारांच्या आरोग्य विम्याचा पाया घालणारा अडारकर अहवाल १९४४ मध्ये आला तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्या योजनेतला हक्क न मागता घरी बसणे आपल्याला शोभत नाही.

ऑक्सफर्डच्या त्या ३९ प्रश्नांत नोकरीचा, मजुरीचा किंवा कर्जाचा एकही प्रश्न नाही. तिकडच्या समाजात कदाचित त्याची गरज भासली नसेल. आपल्याकडे जो कोणी या रुग्णांचे जीवनमान मोजायला निघेल त्याने चाळिसावा प्रश्न बॅटरीचा घालावा: पुढची बॅटरी कोण देणार? सरकारी योजनेने यंत्राचा खर्च मंजूर करताना पुढील सर्व बॅटऱ्यांचा, जुळवणीच्या फेऱ्यांच्या प्रवासभत्त्याचा आणि वाचा-उपचाराचा खर्च त्याच मंजुरीत धरला पाहिजे. जिल्हा रुग्णालयातील एका डॉक्टरला तरी यंत्र तपासण्याचे आणि साधी जुळवणी करण्याचे शिक्षण दिले पाहिजे. आमच्या वैद्यकीय आघाडीतील डॉक्टर मित्रांनी या मागण्यांचे निवेदन तयार करावे, आम्ही ते छापू.

तोवर ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी एकटे राहू नये. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्ण आणि कुटुंबीयांचा स्वमदत गट आहे. मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१ पासून काम करते आणि तिची आधारगटांची केंद्रे आहेत. यंत्र बसवलेल्यांनी यंत्राचे ओळखपत्र सतत खिशात ठेवावे. एमआरआय काढण्यापूर्वी यंत्र बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. सांधेदुखीसाठी भौतिकोपचार केंद्रात गेल्यास शेकाचे डायाथर्मी यंत्र अंगाला लावू देऊ नये, त्याने मेंदूतील तार तापून जिवाला धोका होतो. दर तपासणीला बॅटरी किती उरली ते विचारून वहीत लिहून ठेवावे.

काकांची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. त्यांच्यासोबत आमचा एक सहकारी जाणार आहे.